तारा लावण्याआधी पाटी वाचा

मुलीचे दात पुढे आलेत, तारा लावायचं ठरतंय? मग आधी दवाखान्याची पाटी नीट वाचा. बीडीएस म्हणजे दंतवैद्य. दात सरळ करण्याचं खास शिक्षण म्हणजे त्यानंतरची ३ वर्षांची ऑर्थोडॉन्टिक्समधली एमडीएस. एमडीएस इतर विषयांतही असते, तेव्हा विषय कोणता हे विचारायला लाजू नका. एक्स-रे न काढता पहिल्याच भेटीत तारा बसवायला निघालेला डॉक्टर नकोच. धातूच्या तारा दिसतात खऱ्या, पण स्वस्त आणि भरवशाच्या. पारदर्शक अलाइनर दिवसाचे २०-२२ तास घालावे लागतात. डबा खाताना काढून शाळेत विसरणाऱ्यांचं ते काम नाही. खर्चात रिटेनर धरलाय का, तेही विचारा. तारा निघाल्यावर तो घातला नाही, तर दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकू लागतात.