कॅसेट भंगारात गेली, तर शाहीर दुसऱ्यांदा मरेल

पाचोऱ्यातल्या आमच्या वस्तीत एका घराची कौले उतरवून स्लॅब टाकायचे ठरले. माळा रिकामा करायला आम्ही सात-आठ पोरे गेलो. पत्र्याच्या एका पेटीत कॅसेट निघाल्या, शंभरावर. भंगारवाला दारात उभाच होता. पेटी उचलून त्याला देणार, तेवढ्यात ओट्यावरून आजी ओरडली, "नका फेकू रे भो, त्यामा तुमना आजाना आवाज शे!"

आम्ही थांबलो. खरे सांगायचे तर आजीच्या शब्दाखातर थांबलो, आम्हाला स्वतःला त्यांची किंमत कळली म्हणून नव्हे. ही लाज आधी कबूल करतो आणि मगच बोलतो.

एक जुना टेप मिळवला. सैल झालेली फीत पेन्सिल घालून गुंडाळली आणि बटण दाबले. वामनदादा कर्डकांची गीते निघाली, प्रल्हाद शिंदे निघाले, विठ्ठल उमप निघाले. लहानपणी जयंतीच्या पहाटे ज्या आवाजाने जाग यायची, तो आवाज पुन्हा खोलीत भरला. काही जण रडले. पण आम्ही हे आठवणींचे कौतुक सांगायला लिहीत नाही. पेटीत कंपनीच्या नसलेल्या वीसेक कॅसेट होत्या. त्यांच्यावर बॉलपेनने फक्त '१४ एप्रिल, रात्र' असे लिहिलेले. हा मजकूर त्या कॅसेटसाठी आहे.

त्या घरगुती रेकॉर्डिंगमध्ये गावोगावच्या गायन पार्ट्या आहेत, सवाल-जवाब आहेत, मध्येच रडणारे मूल आहे, दहा रुपयांचे बक्षीस पुकारणारा माणूस आहे. एका कॅसेटवर असा एक गायक आहे की तो ऐकून आम्ही सुन्न झालो. पण त्याचे नाव काय? सुरुवातीला तो नाव-गाव सांगत असणार. नेमका तोच भाग पुसून कोणीतरी वर सिनेमाचे गाणे भरले आहे. पुन्हा रेकॉर्ड होऊ नये म्हणून मोडलेल्या खाचेत कागदाचा बोळा कोंबून ते भरलेले. हे कोणी केले? ब्राह्मणवाद्यांनी? नाही. आपल्याच घरातल्या पोराने केले, कारण कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. त्या गायकाचे नाव आम्ही वस्तीभर विचारले. कोणालाच सांगता आले नाही.

आता कोणी म्हणेल, 'सगळे यूट्यूबवर आहे, कशाला हा पसारा?' मित्रांनो, सगळे तिथे नाही. तिथे आहे ते मुख्यतः कंपन्यांनी विकलेले. त्यातही गायकाचा फोटो मोठा, गीतकाराचे नाव बारीक, ढोलकीवाल्याचे आणि कोरसमधल्या बायांचे नावच नाही. आमच्या मुक्ताईनगरचे प्रतापसिंग बोदडे, वामनदादांचे शिष्य. त्यांची गीते ज्यांना पाठ आहेत, त्यांतल्या किती जणांना कवी कोण हे सांगता येईल? जयंतीत डीजेवर नाचणाऱ्या दहा जणांना विचारून पाहा.

प्रस्थापितांचेही माप बघा. नाट्यसंगीताची जुनी तबकडी सापडली की तो 'वारसा'. भीमगीतांची कॅसेट सापडली की ते भंगार. प्रल्हाद शिंदे विठ्ठल गातात तेव्हा त्यांचा गळा आषाढीला घराघरांत चालतो. तोच गळा भीम गातो तेव्हा 'गोंगाट' होतो. गळा एकच, मग बदलले काय? कान बदलले. त्या कानांना जात आहे.

नोंद राहिली नाही तर काय होते, हे आपल्याच रेल्वेमार्गावर बघा. पाचोऱ्याहून मुंबईकडे जाताना पुढचे मोठे स्टेशन चाळीसगाव. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये धुळ्याहून परतताना बाबासाहेब तिथे उतरले. अस्पृश्याला टांग्यात बसवून न्यायला टांगेवाले तयार नव्हते, म्हणून आपल्यातल्याच एकाने टांगा हाकला. त्याला सवय नव्हती. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवले. विलास घोगरेंचेही तसेच. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसे मेली, आणि चौथ्या दिवशी या शाहिराने जीव दिला. त्यांचा आवाज उरला, कारण आनंद पटवर्धनांच्या कॅमेऱ्याने तो आधीच टिपला होता. खान्देशातल्या गायन पार्ट्यांकडे कोणता कॅमेरा होता? त्यांच्याकडे होती ती ही साठ मिनिटांची फीत.

बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे महाराष्ट्र शासन १९७९ पासून खंडांत छापत आले. ते व्हायलाच हवे होते. पण ज्या आजीला अक्षर येत नव्हते, तिच्यापर्यंत बाबासाहेब कोणी पोचवले? खंडांनी नव्हे, शाहिरांनी. त्या शाहिरांचे खंड कुठे आहेत? सरकारकडे मागणी करूच. पण फितीला बुरशी लागते, आणि बुरशी निवेदनाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

म्हणून आम्ही ठरवले ते सांगतो. प्रत्येक वस्तीत माळे तपासायचे. फीत आधी एकदा सावकाश पुढे-मागे फिरवायची, बुरशी दिसली तर वाजवायची नाही, जाणकाराला दाखवायची. टेपच्या हेडफोनच्या भोकातून वायर संगणकाला लावून आवाज उतरवायचा. आणि उतरवताना शेजारी एक म्हातारे माणूस बसवायचे: कोण गातो, कोणी लिहिले, ढोलकी कोणाची, साल कोणते, सगळे वहीत. नाव नसलेला आवाज अर्धाच वाचतो.

दुसरे, हक्काचे. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकाराला रॉयल्टीत समान वाटा दिला. तो हक्क त्याला कंपनीला विकून टाकता येत नाही, वारसांना मात्र मिळतो. किती शाहिरांच्या घरी हे माहीत आहे? तेव्हा आपणही कोणाचे गाणे स्वतःच्या चॅनलवर स्वतःचे म्हणून चढवायचे नाही. घरच्यांना विचारायचे, नाव लिहायचे. बाहेरच्याने केली तर चोरी आणि आपण केली तर चळवळ, असे चालणार नाही.

त्या बिननावाच्या गायकाचा शोध आम्ही सोडलेला नाही. येत्या १४ एप्रिलला डीजे लागण्याआधी पाचोऱ्यात त्याची कॅसेट वाजेल, पूर्ण. गर्दीतल्या कोणाला तरी तो आवाज ओळखू येईल. तोवर आपला माळा तपासा. भंगारवाला रोज येतो.

जय भीम!