रंगीत पेन्सिलींची पेटी बांधावर न्या



जून उजाडला की आपल्या घरात दोन खरेद्या सोबतच होतात. एक बी-खताची, दुसरी पोरांच्या वह्या-पुस्तकांची. खताच्या पोत्याचा भाव आपण चार दुकानांत विचारतो. पण दप्तरातली रंगीत पेन्सिलींची पेटी म्हणजे पोरखेळ, असे समजून तिच्याकडे बघतही नाही. आज तिच्याविषयीच बोलू. बारा पेन्सिलींपैकी चार पोराकडून मागून घ्या. शेताचा जो हिशेब डोक्यात राहत नाही, तो या चार रंगांत कागदावर राहतो.

रंगाने खूण करणे आपल्याला नवे नाही. जुन्या पोथ्या काजळाच्या काळ्या शाईने लिहीत आणि अध्यायाचे नाव, श्लोकाचा शेवट लाल रंगाने दाखवीत. चूक झाली की त्या अक्षरांवर पिवळी हरताळ फाशीत. ‘हरताळ फासणे’ हा शब्दप्रयोग तिथूनच आला. परीट बिब्ब्याने कपड्यावर खूण करी, ती कितीही धुतली तरी जात नसे. पुढे १९३१ साली मुंबईच्या गिरगावात दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. त्यांचीच ‘कॅमल’ शाई आणि ‘कॅम्लिन’च्या रंगपेट्या खेड्यातल्या शाळेपर्यंत पोचल्या. सोय दारात आली. ती शेतीत वापरायची तेवढी राहिली.

शेताचा रंगीत नकाशा

एका कोऱ्या कागदावर साध्या पेन्सिलीने आपल्या शेताची आकृती काढा. विहीर, नाला, बांधावरचे झाड खुणेला घ्या. अंतर पावलांनी मोजले तरी चालेल. वर गट नंबर, वर्ष आणि हंगाम लिहा. आता हंगामभर चार गोष्टी पाहायच्या आणि तेवढ्याच जागा रंगवायच्या.

निळा रंग : पाऊस उघडल्यावरही पाणी साचून राहते ती जागा.

तपकिरी रंग : पावसाने ताण दिला की पीक सर्वांत आधी माना टाकते ती हलकी, मुरमाड जागा.

पिवळा रंग : सोयाबीनची शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्या राहतात ती जागा. चुनखडीच्या जमिनीत लोह पिकाला लागू होत नाही, त्याची ही खूण आहे. युरिया टाकून हा पिवळेपणा जात नाही. आधी माती तपासून घ्या.

लाल रंग : तूर उभ्या-उभ्या वाळते ती जागा, म्हणजे मर रोग. या रोगाची बुरशी जमिनीत कित्येक वर्षे जिवंत राहते. म्हणून लाल पट्ट्यात पुढची काही वर्षे तूर नको. ज्वारीसारखे पीक घेऊन फेरपालट करा. तूर घ्यायचीच झाली तर बदनापूरच्या संशोधन केंद्राचे बीएसएमआर ७३६ किंवा बीडीएन ७११ असे मर रोगाला दाद न देणारे वाण निवडा.

एका वर्षाच्या नकाशाने फारसे कळत नाही. तीन वर्षांचे तीन कागद शेजारी-शेजारी मांडा. लाल डाग तिथेच आहे की उताराने पसरतो आहे, निळ्या जागेला चर काढायला हवा की नको, हे घरातल्या कोणालाही दिसेल. शेत बटईने दिले किंवा कारभार पोराच्या हाती गेला, तरी तीस वर्षांत तुम्हाला कळलेले त्याला पहिल्या वर्षीच कळेल. माती परीक्षणाचा नमुना घेतानाही हा कागद जवळ ठेवा. तपकिरी जागेची माती आणि निळ्या जागेची माती एकत्र केली, तर अहवाल धड एकीचाही येत नाही, दुसरीचाही नाही. पिशवीत टाकायची चिठ्ठी मात्र साध्या पेन्सिलीनेच लिहा. ओलीने शाई फुटते, शिसपेन्सिलीचे अक्षर टिकते.

भिंतीवरचे कॅलेंडर

भगिनींनो, हे काम तुमच्याकडे. गाय किंवा म्हैस माजावर आली की त्या तारखेभोवती लाल गोल करा आणि जनावराचे नाव लिहा. तिथून सुमारे २१ दिवसांनी पुन्हा लक्ष ठेवा. रेतन केले त्या तारखेला निळा गोल. गाय सुमारे २८० दिवसांनी विते, म्हैस सुमारे ३१० दिवसांनी. विण्याच्या दोन महिने आधी जनावर आटवायचे, त्या तारखेला हिरवा गोल. एक माज नजरेतून सुटला की जनावर तीन आठवडे फुकट पोसावे लागते. वर्ष संपले की ते कॅलेंडर रद्दीत घालू नका, खुंटीला तसेच राहू द्या.

कोणती शाई कशाला

जिथे पैशाचा किंवा जमिनीचा संबंध आहे, तिथे पेन्सिल चालत नाही. ती खोडता येते. उचल, उधारी, बटईचा करार निळ्या किंवा काळ्या बॉलपेनने लिहावा. दौतीच्या शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, म्हणून कागद भिजला की अक्षर वाहून जाते. स्केचपेनचेही तसेच. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती सहसा पाण्याने फुटत नाही. पण उन्हात फिकी पडते. जेलपेनचा भरवसा वाटत नसेल तर एक ओळ लिहून वाळू द्या आणि वर पाण्याचा थेंब टाका. पसरली तर ते पेन किराणा यादीला ठेवा.

आता एक सावधगिरीची गोष्ट. काही दुकानांतून गुळगुळीत कागदावर छापलेले बिल मिळते. त्यात शाई नसते. उष्णतेने कागदच काळा होतो. पत्र्याच्या घरात दोन उन्हाळ्यांत ते बिल कोरे पडू शकते. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यातून तक्रारींचा ढीग लागला होता. अशा तक्रारीला बिल, पिशवी आणि पिशवीचे लेबल हाच पुरावा असतो. म्हणून बिल मिळाले त्याच दिवशी झेरॉक्स काढा. ते लॅमिनेट करू नका. त्या उष्णतेने सगळे बिल काळे होते. पिशवीवरचा लॉट नंबर वहीत बॉलपेनने उतरवून घ्या.

आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत दुसऱ्या गावच्या नात्यात ठेवा. औसा तालुक्याला याचे कारण सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घरांबरोबर पेट्यांतले कागदही ढिगाऱ्याखाली गेले.

रंगांची सरकारी भाषा

काही रंगांचे अर्थ कायद्यानेच ठरलेले आहेत. पैदासकार बियाण्याची खूणचिठ्ठी सोनेरी पिवळी, पायाभूतची पांढरी, प्रमाणितची निळी आणि सत्यप्रत बियाण्याची हिरवी. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अति विषारी. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. बियाण्यावरचा हिरवा वेगळा आणि औषधावरचा वेगळा, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक औषध नव्हे. तेही विषच आहे.

पोरांकडून समजून घ्या

शाळेत पोरे नकाशात नदी निळी, मैदान हिरवे, पठार पिवळे-तपकिरी रंगवतात. त्यांना मांजरा आणि तेरणेबरोबर आपला नालाही रंगवू द्या. घरच्या शेताचा नकाशा त्यांच्याच हातून काढून घेतलात तर भूगोल पाठ करावा लागणार नाही. परीक्षेचा पेपर मात्र निळ्या-काळ्या शाईतच लिहायचा. लाल शाई तपासणाऱ्याची.

एखादा मुलगा पान लाल आणि फळ हिरवे रंगवतो, तेव्हा त्याच्या पाठीत धपाटा घालू नका. काहींना जन्मतःच लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. हा दोष मुलींपेक्षा मुलांत पुष्कळ अधिक असतो आणि घरात कोणाला कळतही नाही. शंका आली तर सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या. अशा माणसाला डब्यावरचा त्रिकोणही ओळखू येणार नाही. म्हणून रंग कुठेही वापरला तरी शेजारी शब्द लिहा : ‘मर’, ‘पाणी’, ‘विष’. नकाशाच्या कोपऱ्यात कोणता रंग कशाचा, तेही लिहून ठेवा.

येत्या रविवारी पोराला घेऊन शेताला एक चक्कर मारा. कागद, पुठ्ठा आणि चार पेन्सिली, एवढेच सामान. पहिला नकाशा वेडावाकडा आला तरी चालेल; त्याच्यावर तारीख घाला आणि जपून ठेवा.

— विस्तार अधिकारी (कृषी), औसा