कांदा नाही म्हणून चिवडा हलका होत नाही



आपल्या समाजात एक समज फार पक्का आहे. आपल्या चिवड्यात कांदा नाही, लसूण नाही, बटाट्याचा कीस नाही. म्हणजे तो सात्त्विक, आणि सात्त्विक म्हणजे पोटाला हलका. मग पोटाची तक्रार असलेल्या माणसापुढेही आपण निर्धास्तपणे वाटी ठेवतो आणि वर म्हणतो, "घरचाच आहे, खा." मला हे पटत नाही. कंदमूळ आपण वर्ज्य केलं ते जीवदयेसाठी. पचनाचा हिशोब वेगळ्या वहीत मांडावा लागतो.

यात अर्धं खरं जरूर आहे. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली 'फॉडमॅप' हा शब्द रूढ केला. लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी, पुढे मोठ्या आतड्यात आंबून गॅस करणारी जी कर्बोदकं, त्यांना मिळून हे नाव आहे. ज्यांचं आतडं संवेदनशील आहे त्यांना त्यांचा त्रास होतो, आणि या यादीत कांदा-लसूण अगदी वर आहेत. ते आपल्या स्वयंपाकघरात मुळातच नाहीत, ही आपली जमेची बाजू.

आता खर्चाची बाजू पाहा. कांदा नाही म्हणून चव यावी यासाठी आपण काय काय घालतो? मूठभर डाळवं, तळलेली मूगडाळ, बेसनाची शेव, काजू, बेदाणे, लाल तिखट, लिंबूफूल आणि हात सैल सोडून तेल. डाळींमधल्या काही शर्करा पचवणारं पाचकद्रव्य माणसाच्या शरीरात नसतंच, म्हणून डाळवं आणि शेव खाल्ली की पोट फुगतं. काजू-बेदाणेही त्याच फॉडमॅपच्या यादीतले. तेलकट खाल्लं की जठर उशिरा रिकामं होतं, आणि ज्यांना आम्लपित्त आहे त्यांच्या छातीत जळजळ सुरू होते. तिखट आणि लिंबूफूल त्यात भर घालतात. म्हणजे कांद्याचं एक नाव खोडलं आणि खाली पाच नावं लिहिली.

दिलासा असा की चिवड्याचा पाया, म्हणजे पोहे, बहुतेकांना सोसतो. तांदळाचे पोहे आणि मुरमुरे सहसा पोटाला त्रास देत नाहीत, फक्त मुरमुऱ्यात मीठ आधीच असतं हे रक्तदाबवाल्यांनी विसरू नये. आपल्या मराठवाड्याची ज्वारीही आहे. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून दुकानात ज्वारीची पाकिटं दिसू लागली, पण ज्वारीच्या लाह्या आपल्याला नागपंचमीपासून ठाऊक आहेत. त्या चाळून, न फुटलेले दाणे वेचून घ्याव्यात. ते दाताला आणि आतड्याला दोन्हींना जड.

माझं प्रमाण असं आहे. पाव किलो पातळ पोहे मंद आचेवर कोरडे भाजून घ्यायचे. पन्नास ग्रॅम लाह्या वेगळ्या गरम करायच्या. दोन मोठे चमचे तेलात अर्धी वाटी शेंगदाणे आधी खमंग परतून काढायचे (डाळव्यापेक्षा शेंगदाणा अनेकांना बरा सोसतो), मग त्याच तेलात मोहरी, जिरं, भरड धने-बडीशेप, कढीपत्ता, हिंग, हळद. वर पोहे, लाह्या, दाणे, मीठ आणि चमचाभर पिठीसाखर. तिखट नाही, लिंबूफूल नाही. ज्यांना गहू अजिबात चालत नाही त्यांच्या घरी हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा, बांधलेल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. पर्युषणात कढीपत्ता वगळला तरी धने-बडीशेपेने स्वाद टिकतो.

मला खरं सांगायचं आहे ते मात्र पुढेच. हा चिवडा घरात एकट्यासाठी करू नका.

बहुतेक घरांत दोन डबे असतात. मोठा स्टीलचा सगळ्यांचा, आणि एक लहान बरणी आजोबांची किंवा "यांची", फिकट, बेचव, करायची म्हणून केलेली. चहाच्या वेळी सगळे एका ताटलीभोवती बसतात आणि एक माणूस आपली बरणी घेऊन बाजूला. काही दिवस तो निमूट खातो. मग एके दिवशी मोठ्या डब्यात हात घालतो, आणि त्रास झाला की आपणच म्हणतो, "जिभेवर ताबा नाही." किंवा त्याहून वाईट, तो चहाला येऊन बसणंच सोडतो. उतारवयात माणूस आधीच बऱ्याच गोष्टींतून बाजूला होत असतो. खाण्याच्या ताटलीतूनही त्याला उठवू नये.

म्हणून घरातल्या सर्वांत नाजूक पोटाला चालेल असा एकच डबा करावा. शेव, तळलेली डाळ, काजू, तिखट-मीठ लहान वाट्यांत बाजूला. ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. नातवंडं कुरकुर करतात, दिवाळीला तर जास्तच. करू देत. वरून शेव घालता येते, पण मिसळलेली वेचून काढता येत नाही.

मापाचंही तसंच. डब्यातून मूठमूठ खाल्लेल्या चिवड्याची कुठेच नोंद होत नाही. एक लहान वाटी भरावी आणि डबा बंद करावा. आपल्या सहा बाह्य तपांत ऊणोदरी आहे आणि रसत्यागही आहे. उपवासाची आपण मिरवणूक काढतो, पण भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याचं तप कुणाला दिसत नाही म्हणून मागे पडतं. आणखी एक. थंडीत आपल्याकडे सूर्य सहाच्या आत मावळतो. चौविहार पाळणारी, कामावरून आलेली माणसं तेवढ्यात दोन वाट्या चिवडा घाईने गिळतात. त्यापेक्षा त्यांच्यासाठी गरम मऊ खिचडी तयार ठेवावी. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी जेवण संपावं हे डॉक्टर आता सांगतात, आपली रीत तीच आहे. तिचा फायदा घाईत घालवू नये.

बी.कॉम. झालेल्या बाईला वहीशिवाय चैन पडत नाही, तेव्हा शेवटचा सल्ला वहीचा. दोन आठवडे रोजकीर्द लिहा. डावीकडे काय आणि किती खाल्लं, उजवीकडे पोट कसं राहिलं. मग एका वेळी एकच जिन्नस परत घाला, आधी चमचाभर डाळवं, चार दिवसांनी खोबऱ्याचे काप. सगळं एकदम बदललं तर कोणत्या रकमेमुळे ताळा चुकला ते कळत नाही. एकाला जे बाधतं ते दुसऱ्याला चालतं, म्हणून शेजारणीची वही उतरवून घेऊ नका.

आणि काही गोष्टी चिवड्याच्या हिशोबात बसवूच नका. शौचात रक्त किंवा काळा रंग, कारण नसताना घटणारं वजन, गिळताना अडकणं, झोपेतून उठवणारी पोटदुखी, पन्नाशीनंतर नव्याने बिघडलेली शौचाची सवय, यातलं काहीही दिसलं तर ओवा-हिंगात दिवस घालवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ती वही सोबत न्या.