शिक्क्याआड राहिलेले मत

आयर्लंडमध्ये नगरपालिका आणि काउंटी परिषदांच्या निवडणुकीत मत देण्यासाठी त्या देशाचे नागरिकत्व लागत नाही. १९६३ च्या निवडणूक कायद्याने ती अट काढून टाकली, आणि त्यामुळे आज पोलंडहून, नायजेरियाहून वा नाशिकहून तेथे येऊन राहिलेला, अठरा वर्षे पूर्ण केलेला कोणीही रहिवासी आपल्या भागाचा नगरसेवक निवडू शकतो. संसदेच्या निवडणुकीत मात्र यांपैकी कोणालाही मत नाही.

युरोपातील सगळ्याच देशांनी न दाखवलेली ही उदारता कचेरीच्या पायरीवर येऊन अडत असे. मतदारयादी दरवर्षी १५ फेब्रुवारीला लागू होई आणि त्यानंतर येणाऱ्याला 'पुरवणी यादी'त, म्हणजे मुख्य यादी बंद झाल्यावर राहून गेलेल्यांसाठी केलेल्या जोडयादीत, नाव घालावे लागे. तिच्या अर्जावर आपल्या भागातील पोलीस ठाण्यात, गार्दासमोर (तेथील पोलिसांना गार्दा म्हणतात), ओळखपत्र दाखवून सही करावी लागे आणि ठाण्याचा शिक्का घ्यावा लागे. तेथेच जन्मलेल्याला ही फार तर एका सकाळची खेप होती. पण डब्लिनबाहेर परदेशी रहिवाशांची नोंदणी आणि निवासपरवान्याचे नूतनीकरणही गार्दाच करीत, त्यामुळे ज्या दारात परवाना मिळतो की नाही या धास्तीने उभे राहायचे, त्याच दारात मताचा हक्क मागायला जावे लागे. कायद्याने कोणालाच मनाई केलेली नसल्याने या भीतीची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही, आणि नाव न घालणाऱ्याला उदासीन ठरवणे सोपे झाले, हा त्या माणसांवरचा मोठा अन्याय होता.

२०२२ च्या निवडणूक सुधारणा कायद्याने पुरवणी यादी मोडीत काढली. आता यादी वर्षभर खुली असते, आणि सार्वजनिक सेवांसाठी प्रत्येकाला मिळणारा व्यक्तिगत क्रमांक व जन्मतारीख यांवरून ओळख पटवून घरबसल्या नाव नोंदवता येते. भाड्याच्या घरांतून वारंवार हलणाऱ्यांना पत्ता दर वेळी बदलून घ्यावा लागतो, ही अडचण उरलीच आहे.

तेथील मराठी कुटुंबांसाठी या मताला वेगळे मोल आहे. भारताच्या १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आलेल्या कलम २०-क प्रमाणे परदेशस्थ भारतीय नागरिकाला पारपत्रावरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव घालता येते, परंतु मत देण्यासाठी त्याला मूळ पारपत्र घेऊन त्याच केंद्रावर प्रत्यक्ष हजर राहावे लागते. डब्लिनहून पुण्याला येऊन मत देणे कितीजणांना परवडेल? अशा माणसाच्या हाताशी असलेले मत परिषदेचेच, आणि सार्वजनिक घरे, रस्ते, ग्रंथालये, बांधकाम परवाने हे विषय तीच परिषद हाताळते. २०२४ नंतरची तेथील स्थानिक निवडणूक २०२९ मध्ये अपेक्षित आहे. हा अंक ज्या मराठी घरांत तेथे पोहोचेल, त्यांनी यादीत आपले नाव आणि पत्ता त्याआधीच पाहून घ्यावा.