सिस्टरला प्राणायाम शिकवण्यापूर्वी

दरवर्षी १२ मे उजाडला की आपल्या इस्पितळांतून मेणबत्त्या पेटतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंच्या तसबिरीला हार पडतो, पाहुणे 'सेवा हाच धर्म' या विषयावर बोलतात, गुलाबाचे एकेक फूल वाटले जाते आणि रात्रपाळी करून आलेल्या मुली मागच्या रांगेत डोळे मिटू नयेत म्हणून धडपडत बसतात. अलीकडे या सोहळ्यात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे : परिचारिकांच्या मनःस्वास्थ्याची कार्यशाळा. श्वास कसा घ्यावा, राग कसा गिळावा, विचार चांगले कसे ठेवावेत, हे त्यांना तासभर शिकवले जाते. शिकवणाऱ्याने स्वतः भरलेल्या वॉर्डात एक रात्र तरी काढली आहे काय, हे कोणी विचारत नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. परिचारिकांच्या मनाची एवढी काळजी असेल, तर आधी वॉर्डातल्या खाटा मोजा, मग नर्स मोजा, आणि मग ज्या कॉलेजातून त्या आल्या तिथे त्यांना रुग्ण पाहायला मिळाला होता का, ते विचारा. एवढे करून झाल्यावर प्राणायाम जरूर शिकवा.

हे कोणा संघटनेच्या पुढाऱ्याचे भाषण नव्हे. नर्सिंगच्या अभ्यासकांनीच ते आकड्यांनी दाखवून दिले आहे. मूळच्या नर्स असलेल्या लिंडा एकेन या संशोधिकेने अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ इस्पितळांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेला रुग्ण महिन्याभरात दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते आणि नर्स कामाने करपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी, असे त्यात आढळले. म्हणजे नर्सचे थकणे आणि रुग्णाचे मरणे यांचे मूळ एकच. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली या करपण्याला आजार म्हटले नाही. कामाच्या जागी न आवरलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटले. दोष जागेत असताना औषध माणसाला पाजायचे, हा कुठला न्याय? कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदाच केला, आणि आज तिथल्या साध्या वॉर्डात एका नर्सकडे पाचांहून जास्त रुग्ण देता येत नाहीत.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे : शिकवणाऱ्या इस्पितळात तीन रुग्णांमागे एक नर्स, इतरत्र पाचांमागे एक. वाचकहो, पुढच्या वेळी कोणाला भेटायला सरकारी इस्पितळात जाल तेव्हा रात्री नऊनंतर वॉर्डाच्या दारात उभे राहून मोजणी करा. एक बाई सलाईन बदलते आहे, तीच ताप-नाडीचे तक्ते भरते आहे, तीच स्टॉक रजिस्टर लिहिते आहे आणि नातेवाईकांचे ओरडणेही तीच ऐकते आहे. मग आपण घरी येऊन सांगतो, 'सिस्टर फार तुसडी होती हो!'

काही बिघडले की फास तिच्याच गळ्यात. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आग लागून दहा अर्भके गेली. दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्ष पेटला, अकरा रुग्ण गेले. एका डॉक्टर महिलेबरोबर तीन परिचारिकांना अटक झाली. त्या इमारतींतल्या तारा नर्सनी ओढल्या होत्या काय? आणि आपल्या इंदूरचे काय? एम. वाय. हॉस्पिटलमध्ये २०२५ साली नवजात अर्भकांना उंदीर चावले, दोन बाळे गेली. पहिल्या झपाट्यात दोन नर्सिंग ऑफिसर निलंबित झाल्या. उंदीर मारण्याचा ठेका ज्या कंपनीकडे होता, तिला एक लाखाचा दंड झाला. याच इस्पितळात १९९४ साली उंदीर मारण्याची प्रचंड मोहीम झाली होती. तीस वर्षांत उंदीर परत आले, आणि जाब द्यायला पुढे कोण, तर पाळीवरची सिस्टर!

सुरक्षिततेचे तर बोलायलाच नको. मुंबईच्या के. ई. एम. मध्ये अरुणा शानबाग या नर्सवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी इस्पितळातच अत्याचार झाला. त्यानंतर ती जवळजवळ बेचाळीस वर्षे अंथरुणावर होती. १८ मे २०१५ ला गेली. त्या सगळ्या वर्षांत तिला सांभाळले ते तिथल्या परिचारिकांनी, एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती चार्ज द्यावा तसे. २०२४ साली कलकत्त्यात डॉक्टर मुलीचा खून झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाला अरुणाचीच आठवण काढावी लागली. पन्नास वर्षांत आपण किती पुढे आलो, ते यावरून समजावे.

आता शिक्षणाकडे वळू, कारण ही आग आपल्या अंगणातलीच आहे. मध्य प्रदेशातील नर्सिंग कॉलेजांचा घोटाळा न्यायालयात गेला आणि सीबीआयने ३०८ कॉलेजे तपासली. २०२४ च्या अहवालात १६९ ठीक, ७४ उणिवा असलेली आणि ६५ अपात्र निघाली. थोड्याच महिन्यांत तपास करणाऱ्यांपैकीच काहींना, लाच घेऊन चांगला शेरा दिल्याबद्दल अटक झाली, आणि 'ठीक' ठरलेल्यांची पुन्हा तपासणी करावी लागली. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर राखण कोणी करायची? यात परीक्षा वर्षानुवर्षे लांबल्या. ज्या बापाने शेत गहाण टाकून मुलीची फी भरली, त्याच्या मुलीचे वय मात्र थांबले नाही.

ज्या मुलीच्या कॉलेजाला इस्पितळच नव्हते, ती पहिल्या दिवशी वॉर्डात उभी राहते तेव्हा तिचे हात कापतात. तिला चुकीची भीती, वरिष्ठांची भीती, नातेवाइकांची भीती. तिच्या नैराश्याचे बी कॉलेजातच पेरलेले असते. पुढे वॉर्डात त्याला पीक येते. म्हणून कामाच्या जागेचे स्वास्थ्य आणि नर्सिंगचे शिक्षण हे दोन विषय मानणे हीच मोठी चूक आहे.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते : 'ही सेवा आहे, इथे हिशेब कसला?' सेवेचा इतिहासच पाहू. सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. त्यांचे नाव घेताना आपले हात जुळतात. पण रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढले, तेव्हा नाव सेवेचे ठेवूनही मुलींना रीतसर शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे साधन दिले. त्यांना कळले ते आपल्या संस्थाचालकांना कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी इस्पितळातही नर्सला महिना वीस हजारांहून कमी पगार नको, असे सुचवले. आपल्या गावच्या नर्सिंग होमात जाऊन विचारून पाहा. उत्तर देताना मालक विषय बदलतील.

आणि आपण मराठी माणसे? धार-देवासच्या पवारांच्या राज्यात आपली घरे रुजली. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने खंगून देवासला आले आणि भानुमतींनी त्यांची शुश्रूषा केली, ही कथा आपण अभिमानाने सांगतो. घरच्या बाईने केलेली शुश्रूषा आपल्याला तप वाटते. तीच पगार घेऊन परक्यासाठी केली की स्थळ पाहताना आपण विचारतो, 'नर्स आहे? मग रात्रपाळी असेल ना?' हा दुटप्पीपणा आधी आपल्या ओसरीवरून झाडला पाहिजे.

आपल्या मुलींजवळ एक धन आहे, तेही कॉलेज वाया घालवते. घरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात माळवी, अशी आपली मुलगी वाढते. पुस्तके मात्र इंग्रजी. मोहनखेड्याच्या तीर्थावर देशभरचे यात्रेकरू येतात. आसपासच्या सरदारपूर तहसिलीत भिल्ल वस्ती आहे. तिथून इंदूर शंभर किलोमीटरच्या पलीकडे. तिथल्या बाईला पोटात कळ येते की आग होते, हे तिच्या बोलीत विचारणारी नर्स निम्मे निदान तिथेच करील. दोन भाषांत वाढलेल्या मुलीला तिसरी बोली जड नाही. पण त्याचा तास अभ्यासक्रमात कुठे आहे?

मागण्या थोड्याच आहेत. प्रत्येक वॉर्डाच्या दारावर फळा लावा : आज रुग्ण किती, नर्स किती. रोगी कल्याण समित्यांवर आपल्यातली प्रतिष्ठित मंडळी बसतात; त्यांनी रंगरंगोटीआधी हा फळा मागावा. मुलीला कॉलेजात घालण्यापूर्वी पालकांनी इमारत न पाहता इस्पितळ पाहावे, खाटांवर रुग्ण आहेत का ते पाहावे. आणि पुढच्या १२ मे रोजी भाषणाचे आमंत्रण आले, तर पाहुण्यांनी एवढेच विचारावे : आज रात्री पाळीला किती जणी आहेत? उत्तर मिळेपर्यंत मेणबत्ती पेटवू नये.