तपासणी कीं तोडमोड?

जुन्या संगणकाच्या तबकड्यांविषयीं वाङ्मयविषयक मासिकांत लिहावयाचें म्हणजे कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु गेल्या शतकाच्या अखेरच्या पंधरा वर्षांत आपल्या भाषेंत जें लिहिलें गेलें, त्यांतील कांहीं भाग कागदावर उतरलाच नाहीं. तो फ्लॉपीवर उतरला आणि तेथेंच राहिला. पोथी जाळणारास आपण रानटी म्हणतों. फ्लॉपी ‘दुरुस्त’ करणारास मात्र आपण हुशार म्हणतों, चहा पाजतों आणि समारंभांत त्याचे आभारही मानतों. या हुशारीविरुद्ध आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

आमच्या एका दिवंगत स्नेह्यांनीं बोलींतील शब्दांचा संग्रह बारा वर्षें खपून केला होता. तो एकोणीस फ्लॉप्यांवर होता. त्यांच्या पश्चात् त्यांतील पंधरा एका संस्थेकडे गेल्या. तेथील एका उत्साही गृहस्थांनीं एकेक फ्लॉपी यंत्रांत घालून तिजवर ‘चेकडिस्क’ हा प्रोग्राम दुरुस्तीच्या आज्ञेसह चालविला. काम संपल्याचा संदेश पडद्यावर उमटला व गृहस्थ संतुष्ट झाले. पुढें आम्हीं पाहिलें तों ‘त’ पासून ‘न’ पर्यंतच्या शब्दांच्या जागीं नुसते क्रमांक घातलेले अनाथ तुकडे! कोणता तुकडा कोणत्या शब्दाखालचा, हें सांगणारे आतां हयात नाहींत. आम्हीं विचारलें तेव्हां उत्तर मिळालें, “अहो, तें बिघडलेलेंच होतें, आम्हीं तर सुधारलें.”

या उत्तरांत सारा अनर्थ सांठविलेला आहे. साडेतीन इंची नेहमींची फ्लॉपी घ्या. तिच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूस ८० वर्तुळें, प्रत्येक वर्तुळाचे १८ भाग. मिळून २,८८० सेक्टर, व प्रत्येकांत ५१२ बाइट. प्रत्येक सेक्टरामागें पडताळ्याची एक संख्या लिहिलेली असते. वाचलेला मजकूर त्या संख्येशीं जुळला नाहीं, म्हणजे यंत्र तो सेक्टर वाचतां येत नाहीं असें कळवितें. पण वाचतां न येणें म्हणजे नष्ट होणें नव्हे. जो सेक्टर एका यंत्रांत नऊ वेळां हटून बसतो, तो दहाव्या वेळीं किंवा दुसऱ्या यंत्रांत निमूटपणें वाचला जातो, असा अनुभव हें काम करणारांस वारंवार येतो. दुरुस्तीचा प्रोग्राम इतका धीर धरीत नाहीं. तो त्या जागेवर फुली मारतो, कोणता तुकडा कोणत्या फाइलीचा याचा तक्ता आपल्या समजुतीप्रमाणें नवा लिहितो, आणि ज्यांचा धनी सांपडत नाहीं त्यांस क्रमांक देऊन मोकळा होतो. तबकडी पुढें वापरतां यावी एवढाच त्याचा हेतु. तीवरचा मजकूर वांचावा ही चिंता त्यानें कधीं वाहिलेली नाहीं. प्रोग्रामाचा यांत दोष नाहीं. आज्ञा न जोडतां चालविला तर तो केवळ अहवाल देतो. दोष आज्ञा देणाराचा आहे.

दुसरा पक्ष याहून घातक, कारण तो दिसावयास सावध आहे. तो म्हणतो, “आम्हीं तपासलें, एकही सेक्टर खराब निघाला नाहीं; सबब मजकूर सुरक्षित.” हें म्हणजे कागद फाटलेला नाहीं, सबब पत्र वाचतां येतें, असें म्हणण्यासारखें झालें. तबकडीवर उतरवितांनाच फाइल अर्धी तुटली असेल, तर त्या अर्ध्या फाइलीचे सेक्टर अगदीं निरोगी असतात. आणि मराठीच्या वांट्यास तर आणखी एक दुखणें आहे. यूनिकोड रुळण्यापूर्वीं ज्या त्या कंपनीचा टंक निराळा, त्याची अक्षरयोजना निराळी. त्या टंकांतील फाइल अक्षरशः शाबूत असूनही आज उघडली तर रोमन अक्षरांचा व चिन्हांचा कचरा दिसतो. तो कचरा पाहून ‘फाइल बिघडली’ असा निकाल देऊन ती पुसून टाकणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. हे लोक अशिक्षित नव्हते, हें सांगावयास आम्हांस लाज वाटते.

भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी केली. तींत जो पाठ संशयित, त्याखालीं नागमोडी रेघ आहे. संपादकांस आपल्या तर्कानें जागा भरून काढतां आली नसती काय? पण आपला संशय वाचकापासून लपविणें त्यांनीं पाप मानलें. हीच शिस्त येथें का नसावी? ‘डीडीरेस्क्यू’ नांवाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. तो प्रथम सुखानें वाचतां येणारा भाग उतरून घेतो, अडलेल्या जागांकडे मागाहून वळतो, आणि काय मिळालें व काय राहिलें याची नोंद ठेवितो. ती नोंद हीच आपली नागमोडी रेघ. मग जी काय दुरुस्ती करावयाची ती नकलेवर करावी. मूळ तबकडीस हात लावूं नये. अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकारानें १९८५ सालीं संगणकावर काढलेलीं चित्रें २०१४ मध्यें पिट्सबर्ग येथें कांहीं विद्यार्थ्यांनीं त्याच्या फ्लॉप्यांतून सोडविलीं, तीं आधीं नकला उतरून घेतल्यामुळेंच. फाइलींची घडण ओळखीची नव्हती, म्हणून त्यांनीं ती पुसली नाहीं, उलगडली.

हें काम कारकुनी आहे, तेव्हां बाजारांतल्या दुकानदारास द्यावें, असेंही कोणी सुचवितात. दुकानदारास ‘त’ नंतर ‘थ’ येतो कीं नाहीं हें पाहण्याचें कारण काय? नक्कल झाल्यावर फाइल उघडून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणें, हा तपासणीचा अर्धा भाग आहे, आणि तो भाषा जाणणारानेंच करावयाचा आहे. वेळही फार उरलेला नाहीं. सोनी कंपनीनें जपानांत फ्लॉप्या विकणें २०११ सालींच थांबविलें. जुनीं यंत्रें आहेत तोंवर आहेत.

आमच्या स्नेह्यांच्या उरलेल्या चार फ्लॉप्या त्यांच्या घरीं कपाटांत मागें राहिल्यामुळें त्या गृहस्थांच्या हातीं लागल्या नाहींत. त्या आतां आमच्याकडे आहेत. त्यांवर कोणास कांहीं लिहितां येऊं नये म्हणून चारींच्याही कोपऱ्यांतील खिटी सरकवून आम्हीं छिद्र उघडें करून ठेविलें आहे. ‘य’ पासून पुढचे शब्द त्यांत असावेत असें वरच्या चिठ्ठ्यांवरून दिसतें. चालतें यंत्र व थोडी सवड ज्यांच्यापाशीं असेल, त्यांनीं जरूर कळवावें; वाचावयास शेजारीं आम्ही बसूं.