अपलोड झालं, पण पोरगं कसंय?

बाल संरक्षणाच्या बैठकीची बातमी करायला गेलं की हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, एन्ट्री शंभर टक्के पूर्ण." साहेब मान डोलावतात, पुढचा विषय सुरू. पण एन्ट्री पूर्ण म्हणजे नेमकं काय पूर्ण, हे कुणी विचारत नाही.

घरातून पळालेलं, टाकून दिलेलं, मजुरीतून किंवा बालविवाहातून सोडवलेलं मूल बाल कल्याण समितीसमोर येतं. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे अशा मुलासाठी वैयक्तिक काळजी आराखडा करायचा असतो. ऑफिसात सगळे त्याला आयसीपी म्हणतात. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला हा नमुना ७. सरकारी फॉर्म म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण हा फॉर्म खरंच डोकं लावून केलाय. चार भाग आहेत. आधी मुलाची माहिती आणि आराखडा, मग प्रगती अहवाल, मग सोडण्यापूर्वीचा अहवाल आणि शेवटी घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा. आराखड्यात पहिला मुद्दा कुठला? मुलाची स्वतःची अपेक्षा. तब्येत, शाळा, खेळ, नातीगोती हे सगळं त्यानंतर. प्रगती अहवाल पहिले तीन महिने दर पंधरवड्याला, पुढे दर महिन्याला. मूल घरी गेलं की पहिल्या भेटीनंतर पुन्हा दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी जाऊन बघायचं.

या मुलांच्या नोंदी आता मिशन वात्सल्य पोर्टलवर जातात. माझा त्याला विरोध नाही. कागदी फाइल कपाटात कुजायची, अधिकारी बदलला की मुलाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. एका राज्यात हरवलेलं पोरगं दुसऱ्या राज्यात सापडलं तर नोंदी जुळवायला असली यंत्रणा हवीच.

गडबड आहे ती मोजमापात. वरून विचारलं जातं ते किती फॉर्म भरले, हेच. मग खाली फॉर्म भरले जातात. अपेक्षेच्या रकान्यात "बालकास शिक्षण घ्यावयाचे आहे". खालच्या मुलाचं तेच, त्याच्या खालच्याचंही तेच. कॉपी-पेस्ट. आता विचार करा, नऊ वर्षांच्या पोराला विचारलं तर तो काय सांगेल? बहीण मुलींच्या बालगृहात आहे, तिला भेटायचंय. हे खरं रकान्यात लिहिलं की कामं निघतात. भेटीची तारीख ठरवा, गाडी बघा, सोबत माणूस द्या. "शिक्षण घ्यावयाचे आहे" लिहिलं की कुणाला जागचं हलावं लागत नाही.

यात एन्ट्री करणाऱ्यांना झोडपून उपयोग नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातली बरीचशी मंडळी कंत्राटी आहेत. दिवसा गृहभेटी, संध्याकाळी एन्ट्री, त्यात नेट गेलेलं. गृहभेटीला गेलेल्या दिवसाचा पोर्टलवर काही हिशेब नाही आणि ऑफिसात बसून भरलेल्या फॉर्मचा आहे, तर माणूस कुठे बसेल?

एक गोष्ट मात्र खटकते. भेटीचा पुरावा म्हणून मुलांचे चेहरे दिसणारे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतात. आम्ही पत्रकारांनी अशा मुलाची ओळख उघड केली तर कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या काही भावांनाही हे माहीत नसतं, तो भाग वेगळा. पण कार्यालयाच्या ग्रुपवर कोण कोण आहे, फोटो पुढे कुठे जातो, हे कुणी बघायचं?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलेगेनी काउंटीत २०१६ पासून मुलांविषयी तक्रारीचा फोन आला की संगणक १ ते २० असा धोक्याचा आकडा देतो. आकडा सरकारदरबारच्या जुन्या नोंदींवरून निघतो, आणि सरकारदरबारी नोंदी गरिबांच्याच जास्त असतात, म्हणून तिथे त्यावर वादही झाला. आपल्याकडेही उद्या कुणीतरी असलं एआय घेऊन येईलच. कॉपी-पेस्ट खाऊन ते काय सांगणार?

मला एवढंच वाटतं, मशीनला तारीख लक्षात राहते, तेच काम तिला द्या. पोर्टल उघडल्यावर सगळ्यात वर "एवढे फॉर्म भरले" दिसण्याऐवजी "या मुलाचा पंधरवड्याचा अहवाल आलेला नाही, त्या मुलीची सहा महिन्यांची भेट राहिली" असं लाल अक्षरात दिसू दे. बाल कल्याण समितीने महिन्याला किमान दोन वेळा संस्थांची तपासणी करायची असते. तेव्हा ही यादी हातात असावी आणि दोन-चार मुलांना बाजूला घेऊन विचारावं, तुझं म्हणून हे लिहिलंय, तू हेच म्हणाला होतास का?

आणि गावातल्या लोकांनो, ग्राम बाल संरक्षण समिती तुमच्याही गावात असायला हवी. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. शेवटची बैठक कधी झाली ते विचारा. बालगृहातून घरी आलेलं मूल गावात असेल तर त्याला भेटायला कुणी आलं का, हेही विचारा. फक्त चारचौघांत, ग्रामसभेत त्याचं नाव घेऊ नका.

जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीत मी "किती भेटी बाकी आहेत?" एवढाच प्रश्न विचारणार आहे. जे उत्तर मिळेल ते इथेच टाकतो.